डोळ्यांना दिसणारी फट

खांबकाकांना गल्लीत कुणी खऱ्या नावाने हाक मारली, तर ते वळूनही बघायचे नाहीत. वीज कंपनीत लाइनमन म्हणून चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी खांबावर. मग दुसरं काय नाव पडणार? निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी हा माणूस रस्त्याने चालताना समोर बघत नाही, वर बघतो. कुठे तार सैल पडलीय, कुठे फांदी टेकायला आलीय, कुठल्या खांबावर पक्ष्याने घरटं मांडलंय, सगळी खबर यांच्याकडे. त्या नादात दोनदा उघड्या गटारात पाय गेला, पण खोड काही गेली नाही.

आणि अशा माणसाचं स्वतःचं घर कुठे, तर लाइनच्या अगदी शेपटाला. ट्रान्सफॉर्मरपासून निघालेली तार सगळ्या वस्तीला वीज वाटत वाटत यायची आणि यांच्या दाराशी येऊन संपायची. वाटेत कुठे काही बिघडलं की पहिला अंधार यांच्या घरात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो दुसरा कुठला! नोकरीत असेपर्यंत काका ते हसण्यावारी न्यायचे.

हसणं संपलं ते गेल्या वर्षी. काकू म्हणजे त्यांची बायको. जन्मभर शिवणकाम केलेली बाई. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, आणि बोलणं असं की त्यापेक्षा टाचण्या बऱ्या. या काकूंच्या फुप्फुसांनी हात टेकले. दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्यांदा घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजनचं मशीन लिहून दिलं. खाटेशेजारी ठेवायचं, ते खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन गोळा करणार आणि नळीने नाकाशी आणून सोडणार. चालणार अर्थातच विजेवर.

"हे बंद पडून चालणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अडीअडचणीला हा छोटा सिलिंडर ठेवा, तो तासभर पुरेल. तुमच्याकडे लाइट जाते का?"

चौतीस वर्षं लोकांना 'आत्ता येईल, पाच मिनिटांत येईल' सांगण्यात गेली होती, पण त्या बाईंशी काकांना खोटं बोलवेना. "जाते," ते म्हणाले. "कधी तासभर, कधी पाच तास."

"मग यांना तिथे ठेवता येणार नाही."

झालं, इथून घोळ सुरू झाला. लेक दोन तासांच्या अंतरावर शहरात राहायची, सहाव्या मजल्यावर. इमारतीला जनरेटर, लिफ्ट, खाली औषधांचं दुकान. ती म्हणाली, आई माझ्याकडे येईल, विषय संपला. काकूंनी मान हलवली. दम लागत असल्यामुळे त्यांचं बोलणं आताशा तीन-तीन शब्दांचं झालं होतं, पण धार तीच.

"तुझ्या खिडकीतून... आभाळच दिसतं. माणूस दिसत नाही. मी काय... ढगांशी बोलू?"

"आई, हट्ट करू नकोस."

"हट्ट नाही. इथेच राहायचंय... जेवढं आहे तेवढं."

या घराच्या पुढच्या खोलीत काकूंचं शिवणयंत्र होतं, शेजारी खिडकी, आणि खिडकीबाहेर गल्ली. जाणारी-येणारी प्रत्येक बाई खिडकीशी थांबून दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जायची नाही. निम्म्या गल्लीच्या अंगावरचे कपडे काकूंच्या हातचे. कुणाची कंबर किती वाढली ते त्या बाईच्या आधी काकूंना कळायचं. हे सोडून सहाव्या मजल्यावर जायचं म्हणजे बाईला मुळासकट उपटायचं, हे लेकीलाही कळत होतं. तिने आठ दिवस विचार केला, चार ठिकाणी चौकशी केली आणि बापासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, छपरावर सोलर बसवू. बॅटरीसकट. लाइट गेली तरी मशीन चालू राहील. मग आई इथे राहिली तर माझी हरकत नाही."

कुणालाही वाटेल, काका उडी मारतील. कसचं काय! त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ज्याच्या त्याच्या घरी वीज व्हायला लागली, तर तारेवरच्या माणसाने जायचं कुठे?"

"बाबा, तुम्ही आता तारेवर नाही आहात!"

"मी नसेन. कुणीतरी असतोच."

लेकीला वाटलं, कंपनीचं मीठ खाल्लंय म्हणून म्हातारा अडून बसलाय. पण काकूंना ठाऊक होतं, घोडं कुठे अडलंय ते. बावीस वर्षांपूर्वी काकांचा जोडीदार खांबावर गेला होता. गेला म्हणजे चढला, आणि तिथेच संपला. मोठी लाइन बंद होती, बंद असल्याचा रीतसर कागद खिशात होता. पण पलीकडच्या लाकूड कापायच्या कारखानदाराला दम निघेना. त्याने आपला जनरेटर सुरू केला आणि कारखान्याच्या जोडणीतच घुसवला. ती वीज उलट्या दिशेने तारेत शिरली. आणि ट्रान्सफॉर्मरमधून उलटी गेलेली वीज लहान राहत नाही, हजारो व्होल्टची होऊन बाहेर पडते. काका खाली दोर धरून उभे होते. त्या दिवसापासून स्वतःच्या घरी वीज तयार करणाऱ्या माणसाची त्यांना धास्तीच बसली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्यातलं ते.

शेवटी निकाल काकूंनी दिला. "बसवा," त्या म्हणाल्या. बायकोच्या एका शब्दापुढे काकांची चौतीस वर्षांची नोकरी गप्प बसली.

काम घेऊन आली ती एक बाई. तिशी ओलांडलेली, कमरेला हत्यारांचा पट्टा, पायात जाड बूट, बरोबर दोन कारागीर. गल्लीने पहिल्याच दिवशी तिचं नाव 'सोलरवाली' ठेवून टाकलं. काका खाली अंगणात कमरेवर हात ठेवून उभे. "त्या स्टँडचा पाय दोन बोटं डावीकडे घे. तो नट पुन्हा पिळ. शिडी कुणी धरलीय? धरली नाही? मग उतर आधी!" दुसरी कुणी असती तर पाना फेकून मारला असता. सोलरवालीने मात्र उतरून शिडी धरायला माणूस उभा केला आणि म्हणाली, "काका, तुमचं बरोबर आहे."

तिथे काका पाघळले. दुपारी तिला स्वतः चहा नेऊन दिला. सहा दिवसांत छपरावर दहा पॅनेल चढली, जिन्याखालच्या भिंतीवर इन्व्हर्टरचा पांढरा डबा लागला आणि त्याखाली छोट्या कपाटाएवढ्या दोन बॅटऱ्या बसल्या. काकांनी प्रत्येक जोड हाताने ओढून बघितला. एकही हलला नाही. मग त्यांनी घशाशी अडलेला प्रश्न विचारला.

"लाइन गेली की आपली वीज बाहेर जाणार नाही कशावरून?"

"यंत्रच तोडतं, काका. लाइन गेली की डोळ्याचं पातं लवायच्या आत हा डबा स्वतःला बाहेरच्या तारेपासून तोडून घेतो. मग फक्त घर चालवतो."

"तोडतो ते दिसतं का?"

"दिसत नाही, आत असतं. पण हा हिरवा दिवा नारिंगी होतो."

काकांनी वाकून त्या दिव्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले. आता, चौतीस वर्षं 'बरं' म्हणून साहेबांना वाटेला लावणाऱ्या माणसाच्या 'बरं'वर विसंबून राहायचं नसतं. पण सोलरवालीला ते काय माहीत!

पुढचे बारा दिवस लाइट गेलीच नाही. हवी असते तेव्हा टिकत नाही, आणि आता जावी म्हणून अख्खं घर टपून बसलंय तर जात नाही! तेराव्या दिवशी, मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला गेली. लेक त्या आठवड्यात रजा टाकून आलेली होती. शेजारच्यांचे पंखे थांबले, गल्लीत 'गेली, गेली' झालं, आणि यांच्या घरात पंखा फिरतोय, मशीन धुसधुसतंय, काकू शांत पडून आहेत. लेकीने टाळीच वाजवली. "आई, बघ! कळलंसुद्धा नाही!" काकूंच्या तोंडावर हसू पसरलं. ते हसू बघायला काका खोलीत नव्हते.

काका जिन्याखाली होते. दिवा नारिंगी झाला होता. पण नारिंगी दिवा म्हणजे काय? दिव्याचा रंग बदलला. आत खरंच तुटलंय का, कुणी बघितलंय? चिकटून राहिलेली बटणं काकांनी शेकड्यांनी पाहिली होती. वरून बंद, आतून चालू. आणि या घडीला लाइनवर कुणीतरी निघालेलं असणार. कुणीतरी शिडी टेकवत असेल, कुणीतरी हात वर करत असेल. त्यांनी घराचं मुख्य बटण पाडलं. तेही चिकटलेलं असलं तर? मग वीज होतेय तिथेच तोडावी. त्यांनी छपराचं बटण पाडलं, बॅटरीचं पाडलं. डबा मेला. दिवा विझला. काकांनी श्वास सोडला. त्या दोन मिनिटांत त्यांना बायको आठवलीच नाही. हे नंतर ते स्वतःच सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज फाटायचा.

आतून मशीन किंचाळायला लागलं.

"बाबा! बाबा, मशीन बंद पडलं!"

काका धावले. लेकीच्या हाताला सिलिंडरची चावी सापडत नव्हती, काकू उठून बसल्या होत्या, दोन्ही हात गादीत रोवलेले, ओठांचा रंग उतरलेला. काकांनी चावी लावली, नळी जोडली, बायकोच्या पाठीशी बसून तिला छातीशी टेकवून घेतलं. "घे, हळू घे, आलंय, आलंय." पाच-सात मिनिटांनी ओठांवर रंग आला. तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

लेक जिन्याखाली जाऊन आली. तिन्ही बटणं खाली होती; ती वर करून तिने मशीन पुन्हा चालू केलं. ती यंत्राने पाडलेली नव्हेत हे शेंबडं पोरही सांगेल.

"तुम्ही बंद केलंत?"

काकांनी मान हलवली.

"कुणासाठी? कुठल्या कोण अनोळखी माणसासाठी तुम्ही माझ्या आईचा श्वास बंद केलात!" ती रडायला लागली. रडतच बोलली, आणि म्हणून ते जास्तच लागलं. "लाइट आहे, यंत्र आहे, सगळं आहे, पण तुमच्याबरोबर आई सुरक्षित नाही. रविवारी गाडी मागवतेय. आई माझ्याकडे येणार."

काकूंनी बोलायला तोंड उघडलं, पण वारा पुरला नाही. काका उठून अंगणात गेले. मुलगी चुकीचं काहीच बोलली नव्हती, हेच तर दुखणं होतं.

बुधवारी सकाळी सोलरवाली आली. लेकीने तिलाही फोनवर चार शब्द सुनावले होते. तिने जिन्याखाली बसून सगळं तपासलं. यंत्र ठणठणीत होतं.

"काका, का पाडलीत बटणं?" तिने विचारलं. रागाने नाही. यंत्र का थांबलं ते विचारावं, तसंच विचारलं.

मग काका पायरीवर बसले आणि जोडीदाराची गोष्ट सांगायला लागले. ती गोष्ट त्यांनी बऱ्याच जणांना सांगितली होती. ऐकून लोक म्हणायचे, नशीब! म्हणायचे, त्या कारखानदाराला फाशी द्यायला हवी होती! कुणी पाठीवर हात ठेवायचं, कुणी विषय बदलायचं. सोलरवालीने शेवटपर्यंत ऐकलं. मग कपाळाला आठी घालून विचारलं, "पण काका, अर्थिंगची साखळी घातली नव्हती का?"

बावीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विचारणार कोण? धंद्यातल्या माणसालाच तो सुचणार. लाइन बंद केली की कामाच्या जागी तारांवर एक साखळी अडकवून तिचं टोक जमिनीत रोवायचं, हा नियम. मग मागून-पुढून चुकून वीज आलीच, तर ती माणसातून न जाता साखळीतून जमिनीत जाते. चौकशीला आलेल्या साहेबांना कारखानदाराचा गुन्हा उघड दिसत होता, म्हणून त्यांनी साखळीचं नाव काढलं नाही. आणि काकांनीही काढलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "साखळी माझ्या पिशवीत होती. घालायचं काम माझं होतं. तो म्हणाला, दहा मिनिटांचं काम आहे, राहू दे, आभाळ भरून आलंय. मी राहू दिली. त्याने म्हटलं आणि मी राहू दिली, पोरी!"

एवढं बोलून हा सत्तरीला टेकलेला माणूस ओंजळीत तोंड घालून रडला. सोलरवाली नुसती शेजारी बसून राहिली, आणि ते बरं केलं. कारण पुढच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत काकू जाग्या होत्या.

"अहो," आतून हाक आली. "इकडे या."

काका दाराशी जाऊन उभे राहिले. शाळेत मार खाऊन आलेलं मूल उभं राहतं तसे.

"इतकी वर्षं... एकट्याने वागवलंत?" काकू म्हणाल्या. "मी कशाला होते?"

काका खाटेशी आले. काकूंनी त्यांचा हात ओढून आपल्या गालावर ठेवला. तोपर्यंत सोलरवालीने बाहेर भिंतीवर पेन्सिलने खुणा करायला सुरुवात केली होती, आणि लेक तिच्याशी वाद घालत होती.

"आता आणखी काय लावताय? मी सांगितलंय ना, आई जाणार आहे."

"जाऊ देत ताई. पण मी लावून जाते. हे माझ्याकडून राहिलंय," सोलरवाली म्हणाली. "लाइनमनच्या घरात नुसता दिवा दाखवून भागणार नव्हतं, हे मला कळायला हवं होतं."

गुरुवारी तिने आणला तो एक साधा, ओबडधोबड, लांब दांड्याचा स्विच. घराची तार आणि बाहेरची तार यांच्या मधोमध, मीटरशेजारी तो बसवला. पुढे काचेची खिडकी. दांडा खाली ओढला की तांब्याची पाती खाड्कन सुटायची, आणि काचेतून दोन तारांच्या मधली चार बोटं रिकामी जागा डोळ्यांना दिसायची. फट. मागे भिंत दिसत होती त्या फटीतून! खाली ओढलेल्या दांड्याला कुलूप घालायची सोय. आणि दांडा खाली असतानाही आत बॅटरी चालू, पंखा चालू, मशीन चालू.

बाहेरची लाइन काकांनी मीटरपलीकडच्या फ्यूजशी तोडली आणि आपला जुना टेस्टर काढला. बाहेरच्या बाजूला लावून बघितला, पुन्हा लावला, मग घरातल्या चालू तारेला लावून टेस्टरच बिघडलेला नाही ना ते बघितलं, आणि परत लावला. बाहेरच्या बाजूला काही नव्हतं. घरात मशीन धुसधुसत होतं.

"हे बंद म्हणायचं," काका म्हणाले. "याला बंद म्हणतात!"

लेकीने सगळं बघितलं, पण ती बधली नाही. आणि तिचं तरी काय चुकलं? तिने आईचे उतरलेले ओठ बघितले होते. "स्विच चांगला आहे, बाबा," ती म्हणाली. "पण ऐनवेळी तुम्ही काय कराल, ते मला सांगता येत नाही. तुम्हाला तरी सांगता येईल का?" काकांनी खरं तेच सांगितलं, "नाही." आईची कपड्यांची बॅग शुक्रवारी भरून झाली. खिडकीशी येऊन बायका काकूंचा निरोप घेऊन गेल्या. एकीने तर भांडणच काढलं की माझा झगा अर्धवट टाकून चाललात. भांडता भांडता तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

शनिवारी दुपारनंतर वारा सुटला. साडेचारच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी मोठी फांदी तारांवर आडवी झाली, आणि लाइट गेली.

लेक एका ढांगेत आईच्या खाटेशी. तिने सिलिंडरची चावी हातात घेतली आणि बापाकडे बघितलं. मशीन चालू होतं. काकाही मशीनकडे बघत होते. मग ते काकूंजवळ गेले, नळी सरळ आहे ना बघितलं, आणि म्हणाले, "बाहेर जाऊन दांडा पाडतो. फक्त दांडा. तुझं मशीन चालू राहणार. आवाज जरा जरी बदलला तर हाक मार." हे त्यांनी बायकोला सांगितलं, लेकीला सांगितलं, आणि बहुधा स्वतःलाही सांगितलं.

बाहेर दांडा खाड्कन खाली आला. काकांनी काचेतून फट बघितली, कुलूप घातलं आणि थांबून कान दिला. आत मशीन धुसधुसत होतं. जिन्याखालच्या डब्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

अर्ध्या तासाने गल्लीत गडबड ऐकू आली, तसे किल्ली मुठीत धरून ते गल्लीच्या तोंडाशी गेले. लाइनमन पोचला होता. चाळिशीचा, पोट सुटलेला, मिशीला धूळ. काकांच्या ओळखीचा नव्हता. साखळी त्याने आधीच तारांवर चढवून जमिनीत रोवली होती. काकांनी ती दोन्ही टोकांना नीट बघितली.

"शेवटचं घर माझं," काका म्हणाले. "छपरावर सोलर आहे, आत बॅटरी आहे. पण तुझ्या बाजूला काही येणार नाही. मधे तोडलंय, कुलूप घातलंय. ही किल्ली. तू खाली उतरेपर्यंत तुझ्याच खिशात राहू दे."

लाइनमनने किल्लीकडे बघितलं, मग काकांकडे. "काका, या वस्तीत सात घरांवर सोलर आहे," तो म्हणाला. "किल्ली आणून देणारा पहिला माणूस भेटला." त्याने ती वरच्या खिशात टाकून बटण लावलं. काका तिथेच उभे राहणार होते, फांदी उतरेपर्यंत, तार ओढली जाईपर्यंत. पायांना तेच ठाऊक होतं. पण तो म्हणाला, "तुम्ही घरी जा. मी आहे ना इथे." आणि काका वळले.

घरी आले तेव्हा लेक पायरीवर फोन घेऊन बसली होती. "अहो, उद्या गाडी नका आणू," ती नवऱ्याला सांगत होती. "नाही, आई ठीक आहे. दोघंही ठीक आहेत. आई इथेच राहतेय." तिने बापाकडे बघितलं आणि डोळे पुसून हसली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आत दिवा लावलेला होता. बाहेर सांजावत होतं आणि बाकीची गल्ली काळोखात बुडायला लागली होती. काका खाटेच्या कडेला टेकले.

"अहो," काकू म्हणाल्या.

"काय गं? दम लागतोय?"

"नाही. लाइट गेलीय."

"गेलीय. फांदी पडलीय, तासाभरात येईल. आपल्याला काय त्याचं? तुझं मशीन चालू आहे ना?"

"मशीनचं नाही हो." काकूंनी दोन श्वास घेतले. "लाइट गेलीय... आणि तुम्ही... घरात आहात."

काका खाटेवर जरा पुढे सरकले.

"लग्न झाल्यापासून... पहिल्यांदा. मंगळवारी... जिन्याखाली होतात. लाइट आणि नवरा... एकदमच जायचे माझे." त्या हसल्या, आणि हसताना खोकला आला, म्हणून काकांनी पाठीवरून हात फिरवला. खोकला थांबल्यावर काकू म्हणाल्या, "निवृत्त झालात... तरी जायचात. खांबाखाली उभं राहायला. मी अंधारात... पोरीला मांडीवर घेऊन... बसायचे. नंतर एकटीच. दिवा लागला... की कळायचं. जिवंत आहात."

काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या वस्तीचे दिवे लावून ते घरी यायचे, तेव्हा ही बाई गाढ झोपेचं सोंग घेऊन पडलेली असायची, आणि ते दमलेले, बूट काढून आडवे व्हायचे. अंधारात ती कशी वेळ काढते, हे त्यांना कधी विचारायचंही सुचलं नाही. काकांना भडभडून आलं. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू दिलं.

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

"चुकलं कशाला? लोकांना... दिवे नकोत?"

तास-दीड तास गेला. मग बाहेर गल्लीत ओरडा झाला, शेजारच्यांचे पंखे फिरायला लागले. फाटकाशी लाइनमनची हाक आली, "काका, लाइट सोडली हो! ही तुमची किल्ली!" लेक ती घ्यायला गेली. काका सवयीने उठायला लागले. कुलूप काढायचं होतं, दांडा वर करायचा होता.

काकूंनी त्यांची बाही धरली.

"अगं, लाइट आलीय."

"येऊ दे," काकू म्हणाल्या. "तुम्ही बसा."

आणि खांबकाका बसले.